लिंबाजीची नळी

२१ नोव्हेंबर १९८८
आज येलदरीला पोहोचलो. जिंतूरला नामांतराचा बंद होता, त्यामुळे एसटी दोन तास उशिरा सुटली. तरी दिनकरराव सर फाट्यावर उभेच होते. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर त्यांनी धरणाजवळ तीन खोल्या भाड्याने घेऊन प्रयोगशाळा मांडली आहे. बारावी सायन्सला नापास झालो आहे, हे मी आधीच सांगून टाकले. सर म्हणाले, "अक्षर दाखव." दाखवले. तेव्हा म्हणाले, "झालं तर! आश्रुबा, एवढं नीट लिहिणारा प्राध्यापक परभणीत शोधून सापडायचा नाही." माझी खोली हवेशीर आहे. खिडकीतून पाणी दिसते. चारठाण्याला आईला पत्र टाकले.

२४ नोव्हेंबर
काम समजले. नीट लिहून ठेवतो. रक्तातल्या तांबड्या पेशी मिठाच्या पाण्यात धुवायच्या, फॉर्मॅलिनने घट्ट करायच्या आणि निकेलच्या हिरव्या द्रावणात कोमट ठेवायच्या. बुडबुडे येतात आणि एकेका पेशीवर निकेलचा पापुद्रा चढतो. जाडी मिलिमीटरचा वीस हजारावा भाग. मग कॉस्टिक सोड्याने आतली पेशी विरघळवून टाकायची. उरते ते पोकळ टरफल. अशा लाखो टरफलांची मिळून चिमूटभर राखाडी पूड होते.

भरीव निकेलपेक्षा पोकळ निकेल चुंबकाशी वेगळे वागते, असे सरांचे म्हणणे. ते मोजण्यासाठी पूड बारीक काचनळीत भरतात, नळी रेशमाच्या धाग्याने बरणीत आडवी टांगतात. तिच्या एका टोकाला तांबडा दोरा असतो. तो कोणत्या दिशेला थांबतो, हे मी तासातासाला लिहायचे.

बकऱ्याच्या रक्ताच्या पाच नळ्या आहेत. पाचही उत्तरेला थांबतात. सहावी माझ्या आधी इथे असलेल्या लिंबाजीच्या रक्ताची. तो भादव्यात जाळे टाकायला गेला आणि धरणात बुडाला. सापडला नाही. त्याची नळी धरणाकडे थांबते. सर म्हणाले, भिंतीतल्या सळईमुळे.

३० नोव्हेंबर
परवा सरांनी माझे रक्त घेतले. सातवी नळी आज टांगली. दोरा माझ्याकडे थांबला. मी टेबलाच्या पलीकडे गेलो, तर दोरा हळूहळू फिरून पुन्हा माझ्याकडे. सर हसले, म्हणाले खिशात किल्ली असेल. किल्ली अंगणात ठेवून आलो. तरी तसेच. खरे सांगायचे तर थोडे बरेही वाटले. घरापासून दूर कोणीतरी आपल्याकडे पाहते आहे, असे.

२ डिसेंबर
सर मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढायला हैदराबादला गेले. पंधरा दिवस येणार नाहीत. नळ्यांना हात लावायचा नाही, असे दोनदा बजावून गेले.

३ डिसेंबर
दुपारी लिंबाजीची आई तानुबाई आली. उंबऱ्याबाहेरच बसली. "लेकराचं काई राह्यलं हाय का बापा? सदरा, चप्पल, काई बी?" काही नव्हते. ती म्हणाली, "हाडूक बी घावलं न्हाई. काय सोडू पाण्यात? त्याचा जीव तसाच फिरायलाय."

माझ्याच्याने राहवले नाही. सहावी नळी काढून तिच्या हातावर ठेवली. सांगितले, ही त्याच्याच रक्ताची राख समजा.

दोघे काठावर गेलो. तिने हळदकुंकू वाहिले, भाताचा पिंड ठेवला, पूड पाण्यात सोडली. कावळा लगेच शिवला. तानुबाई रडत रडत हसली. "शिवला बघ! लय भुकेला व्हता माजा लिंबा." सर रागावतील. पण मी वाईट केले नाही.

६ डिसेंबर
माठ घासताना तळाला राखाडी गाळ दिसला. चुंबक धरला, तर गाळ उठून चिकटला. इथले पाणी धरणातूनच येते. म्हणजे तीन दिवस मी ते प्यायलो.
एवढ्या मोठ्या धरणातून चिमूटभर पूड नेमकी याच माठात कशी आली, याचा हिशेब लागत नाही.
टरफले पोकळ असतात. त्यांना आत काहीतरी हवे असणार.

९ डिसेंबर
सुतळीचा तुकडा हातात होता. बघता बघता त्याची जाळ्याची गाठ बसली. मला जाळे विणता येत नाही.
तानुबाई भाकरी अन् ठेचा घेऊन आली. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "लिंबा असाच बसायचा. डावा पाय बुडाखाली घेऊन."
मी पाय बदलला.

११ डिसेंबर
सातवी नळी माझ्याकडे पाहत नाही.
धरणाकडे थांबली आहे. मी टेबलाभोवती चार फेऱ्या मारल्या. दारात उभा राहिलो. बरणीला तोंड लावले. हलली नाही.
नळी ज्याच्या रक्ताची, तो जिथे असेल तिकडे ती वळते. मग पाण्यात कोण आहे? आणि इथे टेबलापाशी—

१३ डिसेंबर
माठ फोडला. गावातल्या विहिरीवरून पाणी आणायला निघालो. वाटेत नाववाला म्हणाला, "काय लिंबा, लय दिसांनी?" मग जीभ चावली त्याने. मी मात्र "हाव" म्हणून गेलो होतो.

१४ डिसेंबर
आईचे पत्र आले. दोनदा वाचले. आईचे नाव सुमनबाई. तिचा चेहरा आठवायला बसलो तर तानुबाईचा येतो. उद्या पहिल्या गाडीने चारठाण्याला जायचे. आईने एकदा हाक मारली की सगळे ठीक होईल.

१५ डिसेंबर
फाट्यावर जायला निघालो. पाय काठावर आले. गाडी गेली.

१६ डिसेंबर
पुन्हा तेच. गुडघ्यापर्यंत पाणी होते तेव्हा कळले. पाण्यात खाली कोणीतरी उभे होते. त्याच्या अंगात माझा सदरा—
सदरा खुंटीवर नाही.

१७ डिसेंबर
लिहितो आहे तोवर मी मीच आहे. आश्रुबा. चारठाण्याचा. आई सुमनबाई.
तानुबाई येते आहे. खिडकीतून दिसते. भाकरीचे फडके डोक्यावर. तिला सांगायला हवे, मी तो नाही. पण ती आज हसते आहे. किती महिन्यांनी—
हाक मारते आहे. लिंबा म्हणते आहे.
ओ द्यायची नाही. दिली की संपले. पाण्यातला तसाच राहील, कोणाला सापडणार नाही, आणि माझी आई—
दाराशी आली. माझी आई दाराशी आली.
आश्रुबा. आश्रुबा. चारठा—
आलो गं मा—