बॅजवरील नाव बदलून मिळणेबाबत

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
क्ष-किरण तंत्रज्ञ नोंदणी कक्ष, सातारा.

विषय : तंत्रज्ञ म्हणून नोंदणी होऊन छातीवरील बॅज स्वतःच्या नावे मिळणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र दि. २ जून २०२५ (माझा अर्ज त्रुटींसह परत).

महोदय,

उपरोक्त विषयान्वये मी, सौ. क्रांती कृष्णात जगदाळे, राहणार शिरवळ, मूळ गाव माण तालुक्यात, सविनय कळविते की, मी रेडिओग्राफीची पदविका प्रथम श्रेणीत उत्तीर्ण असून गेली साडेतीन वर्षे येथील अबोली एक्स-रे सेंटरमध्ये एकटीने एक्स-रे काढत आहे.

२. सेंटरच्या भिंतीवर नोंदणी प्रमाणपत्र मात्र श्री. जयराज यांचे आहे. ते सांगलीस दुसरीकडे नोकरी करतात व महिन्यातून एकदा सह्या करण्यास येतात. अंगावर किती किरण पडले हे मोजणारा बॅजही त्यांच्याच नावाचा आहे. तो मी लावत असे. कंपन्यांतील कामगार तो वाचून मला जयराज मॅडम म्हणत. खंडाळ्याच्या एका आजोबांनी तर छातीचा एक्स-रे काढताना "आवं जयराजबाई, दम कवा सोडू?" असे विचारले होते. तेव्हा मला हसू आले होते.

३. आपल्या पत्रात दोन त्रुटी दाखविल्या आहेत. पहिली, मूळ पदविका सादर करावी. ती नोकरीस लागताना सेंटरच्या मालक डॉक्टरांनी ठेवून घेतली, ती त्यांच्या कपाटात आहे. नोंदणी झाली की ही बाई निघून जाईल, असे त्यांना वाटते. त्यांचे बरोबर आहे. दुसरी, नोंदणीशिवाय काम केले नसल्याचे हमीपत्र द्यावे. इकडे सरकारी रुग्णालयाच्या जाहिरातीत दोन वर्षांचा अनुभव मागितला आहे. हमीपत्र दिले तर अनुभव जातो आणि अनुभव दाखवला तर गुन्हा कबूल होतो. डॉक्टरांनी अनुभवाचा दाखला दिलेला आहे, पण बॅजवरील नावाप्रमाणे, म्हणजे श्री. जयराज यांना. त्यांनी त्या जागेसाठी अर्ज केल्याचेही समजते.

४. गेल्या महिन्यात बॅज तपासणाऱ्या प्रयोगशाळेचे पत्र आले की, श्री. जयराज यांच्या अंगावर जास्त किरण पडले असून त्यांना तीन महिने एक्स-रेच्या खोलीपासून दूर ठेवावे. ते सांगलीत असल्याने पुरेसे दूर आहेतच. त्यांच्यासोबत बॅजही रजेवर गेला, तो आता ड्रॉवरमध्ये आहे. रोजचे पन्नास-साठ एक्स-रे मीच काढते. माझ्या अंगावर किती पडते हे आता कोणीच मोजत नाही.

५. महोदय, मला तिसरा महिना आहे. गरोदर तंत्रज्ञाने लेखी कळवावे व तिला वेगळे काम द्यावे, असे आम्हाला शिकवले होते. मी लेखी कळविले. डॉक्टर म्हणाले, "या खोलीत बाईमाणूस कामाला आहे कुठं? कागदावर दाखव." घरी सासूबाई चंद्राबाई म्हणाल्या, "आगं, बिल्ला त्याचा हाय तर पोटुशी बी त्यालाच ऱ्हाऊ दे की!" आम्ही दोघी खूप हसलो, मग त्या रडायलाच लागल्या. यजमान सैन्यात आहेत, त्यांना फोनवर मी यातले काही सांगितलेले नाही. उद्यापासून येत नाही म्हटले तर पदविका कपाटातच राहील व मी पुन्हा नुसती बारावी पास होईन. मला फार भीती वाटते. असे अर्जात लिहितात की नाही मला ठाऊक नाही.

६. तरी विनंती की, मी खोटे हमीपत्र द्यावे की खरी कबुली, हे आपणच कळवावे. जे सांगाल त्यावर सही करीन. आपल्या पत्राच्या तळाशी निर्णयास नव्वद दिवस लागतील असे छापले आहे. तोवर मला सहावा लागेल.

आपली नम्र व अद्याप विनानोंद,
(सही)
सौ. क्रांती कृष्णात जगदाळे
शिरवळ, ता. खंडाळा, जि. सातारा
दि. १४ जुलै २०२५

सोबत :
१. पदविकेची झेरॉक्स (मूळ प्रत कपाटात)
२. प्रयोगशाळेच्या पत्राची प्रत (नाव श्री. जयराज यांचे)
३. गरोदरपणाच्या तपासणी कार्डाची प्रत (नाव माझे)