चाळिसावा प्रश्न

गुढियारी, गुरुवार, संध्याकाळ

आज बाबांनी माझा चाळिसावा प्रश्न चूक दिला. तेव्हापासून तोच डोक्यात फिरून राहिला.

मेडिकलच्या परीक्षेचं गाईड आणलं त्याच दिवशी त्यांनी मागची उत्तरांची पानं फाडून स्वतःच्या खिशात ठेवली. म्हणे, तू चोरून पाहशील. उरला भागातल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमधून आले की हातपाय धुवायच्या आधी लाल पेन्सिल घेऊन तपासायले बसतात.

आज विधान-कारणाचे प्रश्न होते. चाळिसाव्यात विधान होतं, धुळीच्या कारखान्यात वर्षानुवर्षं काम करणाऱ्याले दम लागतो. कारण दिलं होतं, ती धूळ बसून फुप्फुस कडक होतं. मी लिहिलं, दोन्ही खरं, आणि कारणही तेच.

बाबा म्हणाले, "चूक. दोन्ही खरं, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही."

"काहून नाही?"

"पुस्तकात तसंच आहे, बेटा." मग खोकत राहिले, पुष्कळ वेळ.

त्यांचा शर्ट भिजवायले घेतला तर पानं खिशातच. चाळिसावा पाहिला. माझंच उत्तर बरोबर होतं. नजरचूक असेल? पण एकोणचाळीस बरोबर तपासला, एकेचाळीसही.

म्हणजे बाबाले माहीत आहे. कधीपासून?

आईनं विचारलं, खिशात काही आहे का. मी नाही म्हटलं. पानं त्यांच्या उद्याच्या शर्टात ठेवली. वहीत चाळिसाव्यासमोरचं माझं उत्तर खोडून त्यांचं लिहिलं.

सकाळी सहाची शिफ्ट आहे त्यांची.