कॅप्टन पेनरोजची उजवी बाजू

पेनरोज एल्बो,
१४ सप्टेंबर १९९६

प्रिय हॅल (माझ्याहून आठ वर्षांनी मोठा आहेस म्हणून आदरणीयसुद्धा, बाकी तुझ्या वागण्यात तसं काही नाही),

तुझा गुडघा, तुझा कुत्रा आणि तुझे टोमॅटो, तिघांची खुशाली आधी कळव. तुमच्या त्या वाळवंटातल्या ब्रोकन हिलला पाऊस झाल्याचं रेडिओवर ऐकलं, पण ज्या सुरात सांगितलं त्यावरून टोमॅटोंचं काही खरं दिसत नाही. इकडे आम्ही मजेत. जॉइसचा खोकला गेला तो माझ्याकडे आला, आणि माझ्याकडचा शेजारच्या बाईंकडे गेला; त्या आता आमच्याशी कुंपणापलीकडूनच बोलतात. नाताळच्या कार्डात तू लिहिलं होतंस की समुद्र आता पुरे. तुझी डोरी गेल्याला सहा वर्षं झाली, आणि तेव्हापासून समुद्राचं नाव निघालं की तू टोमॅटोंवर येतोस, हे मला माहीत आहे. त्यामुळे पुढची पानंच्या पानं समुद्राबद्दल लिहिताना जरा चोरट्यासारखं वाटतंय. पण इलाज नाही. तलाव आपल्या हातून गेला होता, हॅल. आपला, खडकावरचा.

बस आधी, मग वाच. १९३१ साली कामधंदा नव्हता म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांनी खडकाच्या जिभेवर भिंती घालून तो तलाव बांधला, तू पंधरा वर्षांचा होतास आणि बापाच्या मागे दगड वाहत होतास, पायऱ्यांजवळच्या सिमेंटमध्ये तुझं नाव अजून आहे (शेवटचं अक्षर उलटं), हे सगळं तुला सांगायची गरज नाही. पहिली बुडीही तुला माहीत आहे: एक ऑक्टोबरला, एल्बोत जन्मलेल्यांपैकी सगळ्यात थोरलं माणूस पाण्यात उतरतं, मगच उन्हाळ्याचं पोहणं सुरू होतं. (हिवाळ्यात पोहणारे जॉइससारखे चार हट्टी लोक आहेत, त्यांना कोणी मोजत नाही.) गेली अकरा वर्षं हा मान मर्टल पॅस्को घ्यायची. ती जूनमध्ये गेली. सत्त्याण्णव वर्षांची होती आणि शेवटच्या आठवड्यातसुद्धा नर्सला म्हणाली, "ऑक्टोबरपर्यंत थांबता येईल का बघते." नाही थांबता आलं. तिच्यामागे हा मान कोणाचा याचा विचार व्हायच्या आतच तलावच शेजाऱ्यांच्या घशात गेला, आणि तो मी घातला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

झालं असं. यंदा जुलैत ओढ्याचं तोंड वाळूने असं बुजलं की मागचं पाणी चढत चढत बोलिंग क्लबच्या हिरवळीवर आलं. नगरपालिकेच्या खांबावर तांबडी रेघ आहे, पाणी तिथवर चढल्याशिवाय वाळूला कोणी हात लावायचा नाही असा नियम आहे, आणि ती रेघ अशा माणसाने मारली आहे ज्याला बोलिंग खेळावं लागत नाही. तेव्हा बापजाद्यांच्या रीतीप्रमाणे रविवारी सकाळी सगळे फावडी घेऊन फिरायला निघाले. (फावडं घेऊन फिरायला जाण्याविरुद्ध कायदा नाही.) आता रीत अशी की खणायचं ते तलावाच्या उत्तरेला, शेजारच्या ग्रँट्स बेच्या अंगाला. पण मी पडलो इतिहास मंडळाचा चिटणीस. आदल्या आठवड्यात कपाट साफ करताना मला कॅप्टन पेनरोजचं १८४१ सालचं मूळ चित्र सापडलं होतं, ज्या कोपरावरून गावाचं नाव पडलं ते मोडण्याच्या आदल्या दिवशी काढलेलं. त्यात खडकाची जीभ आहे, टेकडी आहे, आणि ओढा स्पष्ट खडकाच्या उजवीकडे आहे! मी चित्र घेऊन वाळूवर उभा राहिलो, समोर समुद्र, उजवा हात लांब केला. हात दक्षिणेकडे. मंडळी, मी म्हणालो, दीडशे वर्षं आपण चुकीच्या जागी खणतोय.

तू असतास तर तिथेच माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं असतंस. पण बाकीच्यांना उत्तरेची वाळू यंदा पुरुषभर उंच दिसत होती आणि दक्षिणेची गुडघाभर, त्यामुळे इतिहासाबद्दल त्यांना एकदम आदर वाटू लागला. फक्त आंटी नोरीन, म्हणजे आपल्या डेझी सिमन्सची मुलगी, खडकावर बसून थर्मासमधला चहा पीत होती, ती म्हणाली, "मर्व, तुझ्या कॅप्टनने ओढ्याला विचारलं होतं का?" (तिची माणसं, इथले मूळ रहिवासी, या ओढ्यावर कॅप्टनच्या आधी किती हजार वर्षं मासे धरत होती देव जाणे. एल्बो आधी वसलं की ग्रँट्स बे, १८४१ की १८४३, यावर मागे जाहीर सभा झाली होती, तेव्हा ती इतकी हसली की तिच्या हातातला लॅमिंग्टन केक पुढच्या रांगेतल्या माणसाच्या टोपीत पडला.) मी तिला म्हटलं, आंटी, हा पुरावा आहे. ती म्हणाली, "असू दे, असू दे, खण."

आणि खणलं की! काय दृश्य होतं, हॅल! आधी वाळूतून बोटभर धार, मग हातभर, मग भसकन सगळं पाणी सुटलं, वाळूच्या कडाच्या कडा कोसळायला लागल्या, कोणाची बादली गेली, कोणाची चप्पल गेली, लोक टाळ्या वाजवत होते आणि मी चित्र डोक्यावर धरून नाचत होतो. बहात्तराव्या वर्षी. सात मिनिटांत बोलिंगची हिरवळ उघडी पडली. मग आम्ही सॉसेज भाजले, पावात घालून खाल्ले आणि कॅप्टनच्या नावाने तीन आरोळ्या ठोकल्या.

मंगळवारी नगरपालिकेचं पत्र आलं. त्यात दटावणी दोनच ओळींची होती. बाकी सगळं एका जुन्या कागदातलं अवतरण होतं: 'दोन उपनगरांची हद्द ही ओढ्याची मध्यरेषा, ओढा त्या त्या वेळी जिथे असेल तिथे.' खाली सही, सर्वेअर एच. ट्रेलोर, १९५१. हे 'त्या त्या वेळी' तुला कुठून सुचलं होतं? सरळ दोन खुंट्या ठोकून घरी आला असतास तर काय बिघडलं असतं? तुझ्या त्या एका वाक्यामुळे ओढा तलावाच्या दक्षिणेला आणि तलाव ग्रँट्स बेत. पत्र वाचून माझा घास घशात अडकला आणि जॉइसने पाठीत गुद्दा घातला, तो मला जरुरीपेक्षा जोराचा वाटला.

रेक्स हॅलोरनला तू ओळखत नाहीस. ग्रँट्स बे प्रगती संघाचा अध्यक्ष. पांढरे बूट घालून वाळूत येतो. बुधवारी सकाळी आयत्या बिळावर नागोबा येऊन बसलासुद्धा: पायऱ्यांपाशी निळीशार पाटी, 'ग्रँट्स बे सागरी तलाव, आपले स्वागत आहे'. आपले! आम्हाला! एक ऑक्टोबरला फीत कापायची, बँड लावायचा आणि टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या कोणा बाईंना पाण्यात उतरवायचं असंही त्याने वर्तमानपत्रात छापून आणलं. मी गेलो त्याच्याकडे. म्हटलं, रेक्स, पहिली बुडी इथे जन्मलेल्या माणसाची असते, पासष्ट वर्षांची रीत आहे. तो गोड हसला. "मर्व, भल्या माणसा, हद्द तुम्हीच हलवलीत. स्वतःच्या फावड्याने." घरी येताना मला एक उत्तर सुचलं, पण ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

त्या दिवसांत गावात मला कोणी शिव्या दिल्या नाहीत, हे फार वाईट होतं. बेकरीत गेलो की सगळे हवेबद्दल बोलायचे. मर्टलची पोहण्याची टोपी तिच्या मुलीने मंडळाच्या कपाटात ठेवायला दिली होती; ती रबरी फुलांची पिवळी टोपी रोज कॅप्टनच्या चित्राशेजारून माझ्याकडे बघायची. खरं सांगतो हॅल, मला रडू यायचं. जॉइस मात्र शांत. तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही. रोज टॉवेल खांद्यावर टाकून, ओढा ओलांडून, परक्या मुलखात पोहून यायची.

मग आला गुरुवार. तलाव म्हटलं की गुरुवार, हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर कळतं. रेक्सला कोणी सांगितलं नव्हतं. ओहोटी साधायची, झडप उघडून पाणी सोडायचं, शेवाळ खरवडायचं, भिंतीला चुना फासायचा आणि भरती यायच्या आत झडप बंद करायची. घर पाहावं बांधून म्हणतात, मी म्हणतो तलाव पाहावा घासून. पहिल्या गुरुवारी ग्रँट्स बेचे बाराजण सारखे टी-शर्ट घालून आले. झडप उघडेना. (ती डाव्या कोपऱ्यात लाथ मारून, मग हातोडीचे दोन ठोके देऊन, मग तिला एक शिवी देऊन उघडते. क्रम चुकला की नाही उघडत.) जॉइस वरच्या खडकावर घडीची खुर्ची टाकून, स्कोनचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिथून ती एवढंच म्हणाली, "छान चाललंय हं!" तासाभराने झडप उघडली तेव्हा भरती सुरू झाली होती. रेक्सचे पांढरे बूट शेवाळावरून असे सुटले की तो बसल्या बसल्या उथळ टोकापासून खोल टोकापर्यंत गेला, आणि तिथे एक ऑक्टोपस आधीपासून राहत होता.

दुसऱ्या गुरुवारी सहाजण आले. तिसऱ्या गुरुवारी रेक्स, त्याची मेहुणी आणि एक गृहस्थ, ज्यांना इथे पोहायला शिकवतात असं वाटलं होतं. तलावातलं पाणी एव्हाना वाटाण्याच्या सूपासारखं झालं होतं. (जॉइसच्या सूपासारखं, म्हणजे दाट.) हवामानवाल्या बाई येऊन बघून गेल्या आणि त्यांनी कळवलं की त्यांना कानाचा त्रास आहे.

ऑगस्टच्या अखेरीस दक्षिणेचा वारा सुटला. तीन दिवस लाटा वाळू ओतत होत्या, आणि चौथ्या दिवशी माझा ऐतिहासिक ओढा ठार बुजला. पाणी परत बोलिंगच्या हिरवळीवर. आंटी नोरीन फाटकाशी येऊन म्हणाली, "बघ, त्याला ती जागा आवडली नाही." तिच्यामागे रेक्स उभा होता. पांढरे बूट नव्हते, अनवाणी होता, आणि अनवाणी माणूस बरा वाटतो हे मला पहिल्यांदाच कळलं.

"मर्व," तो म्हणाला, "तुमच्याकडे फावडी किती आहेत?"

"कशाला?"

"आमची चाळीस माणसं आहेत. उत्तरेकडून खणू या. तुमचा तलाव तुम्ही घ्या, तुमच्या पाया पडतो."

मी जरा आढेवेढे घेतले. म्हटलं, कागदोपत्री बघावं लागेल, समितीला विचारावं लागेल. आतून जॉइस ओरडली, "मर्विन, बूट घाल!"

गेल्या रविवारी, आठ तारखेला, एल्बो आणि ग्रँट्स बे मिळून शंभरावर माणसं त्या पुरुषभर वाळूवर तुटून पडली. कोण कुठला ते कळत नव्हतं. रेक्सची मेहुणी तर अशी खणत होती की तिला आपल्याकडेच ठेवून घ्यावं. दुपारी बाराला पाणी उत्तरेकडून फुटलं, आणि जाता जाता रेक्सची निळी पाटी मुळासकट उपटून समुद्रात घेऊन गेलं. सगळ्यात मोठ्याने टाळ्या रेक्सने वाजवल्या. पाटी दुसऱ्या दिवशी खडकाला लागली. आता तिचं बाक केलं आहे, जॉइसच्या खुर्चीच्या जागी. मध्यरेषा उत्तरेला, तलाव एल्बोत, आणि परवाच्या गुरुवारी आम्ही तो घासला. तळ दिसतोय, हॅल. तुझं उलटं अक्षरसुद्धा दिसतंय. मी किती आनंदात आहे हे लिहिता येत नाही, म्हणून थांबतो. कुत्र्याला थोपटून सांग.

तुझा,
मर्विन

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. मर्टलच्या मागे एल्बोत जन्मलेलं सगळ्यात थोरलं माणूस कोण, हे मी मंडळाच्या वह्यांतून तीन वेळा तपासलं. तू. तू इथे राहत नाहीस, पण नियमात 'जन्मलेलं' आहे, 'राहणारं' नाही. गुडघ्याची सबब चालणार नाही, मर्टलला दोन्ही नव्हते म्हटलं तरी चालेल. तू आला नाहीस तर एक ऑक्टोबरला अख्खं गाव कोरड्या अंगाने पायऱ्यांवर बसून राहील. स्टेशनवर मी गाडी घेऊन येतो.

ता. क. २. हे फक्त तुझ्यासाठी. तू सर्वेअर, तुझ्या लक्षात दुसऱ्याच पानावर आलं असणार. कॅप्टनने चित्र जहाजावरून काढलं होतं. तोंड किनाऱ्याकडे करून. त्याची उजवी बाजू म्हणजे उत्तर. मला हे चार दिवसांनी कळलं, तेव्हापासून चित्र कपाटात आहे आणि किल्ली माझ्या खिशात. गाव वाऱ्याला दोष देतंय, देऊ दे. जॉइसला तर मुळीच कळता कामा नये.

ता. क. ३. हॅल, मी जॉइस. पत्र पेटीत टाकायला माझ्याच हातात देतो आणि पाकीट चिकटवायचं विसरतो, चाळीस वर्षं हेच चाललंय. चित्राचं मला तिथेच वाळूवर कळलं होतं. डाव्या कोपऱ्यात जहाजाचा कठडा काढलाय, एवढा मोठा. सांगणार होते. पण आंटी नोरीनने हळूच चिमटा काढला आणि म्हणाली, ओढ्याबरोबर हद्द हलते, तलाव तिकडे जाईल; वारा सुटला की वाळू परत येईल, महिनाभर बस की आरामात. तीस वर्षं दर गुरुवारी मी तो तलाव घासलाय, हॅल. तीन गुरुवार दुसऱ्याला घासताना बघितलं. असं सुख मला लग्नानंतर मिळालं नव्हतं. मर्विनला यातलं सांगू नकोस, त्याला वाटू दे की त्याने लपवलंय.

तू ये. सामान फार आणू नकोस. टॉवेल तर नकोच. डोरीचा निळा टॉवेल शेवटच्या उन्हाळ्यात आमच्या दोरीवरच राहिला, तो मी दर वर्षी धुऊन ठेवते.