लहानी कशानं गेली

किन्हवली, ४ ऑगस्ट

चि. संघरत्ना हिस,
मावशीचा जयभीम. वि. वि. आमी हातापायानं धड आहोत, बाकी काय धड नाय. शेजारची लहानी गेली गो! सकाळी माझ्या ओट्यावर बसून हसली, घरी जाऊन चहा प्याली आणि तोंडाला फेस. शहापूरला नेईपर्यंत संपली. पोलीस म्हणतात विष. चहा तिच्या सुनेनं, भूमिकेनं केला म्हणून तिलाच उचलून नेली. कोंबडी कापताना डोळे मिटते ती पोरगी!

तू सरकारी लॅबमधी मेलेल्यांचं तपासतेस ना? मग खुनी शोध की. शिकलीस कशाला एवढी? फोन आमच्या ह्यांच्या, तुझ्या बारकूकाकाच्या खिशात असतो, म्हणून लिहिते. अक्षराला हसू नको. माया आहे तेवढी राहू दे.
गीतामावशी

मुंबई, २९ ऑगस्ट

ती. मावशीस,
सविनय जयभीम. हसले नाही, दोनदा वाचलं. लहानीमावशींचा नमुना आमच्याकडेच आला. चहात काही नव्हतं. विष हिरड्यांवर होतं, दातांना लावायच्या तंबाखूच्या मिश्रीत. भाताच्या रोपांना टाकतात ते औषध कुटून मिसळलेलं. पण त्यांच्या घरची डबी स्वच्छ निघाली. म्हणजे त्या सकाळी त्यांनी दुसऱ्या कुणाची तरी मिश्री लावली. कुणाची, ते कळलं तर भूमिका सुटेल. तुला माहीत असेल तर गावात बोलू नकोस, थेट पोलीस ठाण्यात सांग. मागे म्हणाली होतीस ती दाढ कशी आहे? जपून राहा, लोभ आहेच.
तुझी संघरत्ना

पोलीस ठाण्याच्या बाकड्यावरून, २ सप्टेंबर

चि. संघरत्ना हिस,
जयभीम. ती डबी माझी.

लहानी स्वतःची घरी ठेवून माझ्या डबीत बोट घालायची. मी शिव्या घालायची, ती हसायची. त्या दिवशीही घातलं, डबी नवी भरलेली. तुझ्या काकानं मुरबाडच्या बाजारातनं भाजलेली मिश्री आणलेली, लग्न झाल्यापासून पयल्यांदा. माझी दाढ सुजलेली, डॉक्टरनं मिश्री बंद केलेली. घरात बोलले नाय, उगाच खर्चावरून कटकट. मी त्या डबीला बोट लावलं नाय, ती फळीवरच.

माझ्या वाटणीचं मरण लहानीनं घेतलं गो. माझ्या बाबांची जमीन मी तुझ्या काकाला विकू देत नाय, म्हणून. दुसरं काय असणार?

डबी पदरात बांधून आणली नि साहेबापुढं आपटली. म्हटलं, आधी भूमिकेला सोडा, मग माझं काय ते लिहा. या पत्रामागोमाग तुझ्याकडं येते, एक गोधडी काढून ठेव. आता मायेचं माणूस तूच.

रोज सकाळी विचारायचा बारकू, मिश्री लावलीस का. मला वाटायचं, म्हातारपणी जीव लावायला लागला.
मावशी