मस्कतचा नवरा

३ सप्टेंबर, बुधवार
आज तिसरा एजंट. फुलपाड्यात गल्लीच्या तोंडाशी टेबल टाकून बसतो. "फॅमिली आहे ना मॅडम?" म्हटलं, आहे, मी आणि मुलगी. "मिस्टर?" मी पिशवीचा बंद सारखा केला. त्याने पेनाचं टोपण लावलं आणि चहा मागवला, स्वतःपुरता.

सुवर्णाकडे राहून महिना होत आला. शाळेतली मैत्रीण, म्हणून बार्शीहून निघताना तिचंच दार आठवलं. वन रूम किचन, त्यात ते तिघे आणि आम्ही दोघी. घट बसायच्या आधी तिचे सासू-सासरे येणार आहेत. ती काही म्हणत नाही. तिचा नवरा हल्ली भांडी जरा जोरात ठेवतो.

नोकरी लगेच मिळाली, वसई स्टेशनजवळच्या मेडिकलमध्ये. डी. फार्म. कामी आलं. नोकरी मिळते, खोली मिळत नाही. उलटं होईल असं वाटलं होतं.

७ सप्टें., रवि.
खोली मिळाली आणि तासाभरात गेली. फुलपाड्यातच, नवी बिल्डिंग, चौथा मजला, भाडं मला झेपेल एवढं. इथेच शंका यायला हवी होती. ओवीने खिडकीतून डोंगर बघून आपली झोपायची जागाही ठरवली. सात वर्षांची आहे, जागा लगेच ठरवते.

उतरताना पहिल्या मजल्यावरची बाई हळूच म्हणाली, "ताई, नका घेऊ. बेकायदेशीर आहे बिल्डिंग. पालिकेची माणसं बघून गेलीत. आमचा पैसा अडकलाय म्हणून आम्ही इथे." एजंटला विचारलं तर म्हणे, "पाडायला वर्षं जातात. तुमचे अकरा महिने आरामात निघतील."
आरामात म्हणे. डोक्यावर छप्पर हवं म्हणून आले, ते डोक्यात पडायला नको.

११ सप्टें.
जूचंद्र गाव. मेडिकलमधल्या पोराच्या ओळखीने. मालकाची बायको बोलायला गोड. "रूम चांगली हाय, पानी टायमावर येतं. पन एकट्या बाईला नाय देत आमी. गावात बोलतात." म्हटलं, एकटी नाही, मुलगी आहे. "तेच सांगते मी."

रिक्षात ओवी म्हणाली, बाबा असते तर खोली मिळाली असती? म्हटलं, हो. दांडीला धरून बाहेरच्या पाट्या वाचल्या. मग म्हणाली, "मग राहू दे."

ज. चं, तिच्या बापाचं, नाव ती आपणहून काढत नाही. दारावर कुणी जोरात थाप मारली की अजून पलंगाखाली बघते, मावेन का म्हणून.

१४ सप्टें., रवि.
खोली मिळाली!! उमेळे गावात, वसईजवळच.
फिलोमिना नावाच्या बाई, साठीच्या पुढच्या, सगळे फिलूमावशी म्हणतात. जुनं घर, मागे केळी आणि विहीर, विहिरीच्या पलीकडे कुणाची तरी विकलेली वाडी आणि तिथे उभी राहणारी सात मजली बिल्डिंग. मागच्या अंगाची खोली, वेगळं दार, मोरी आत. मला बघून खुर्ची दिली, पाणी दिलं. मग तोच प्रश्न. "मिस्टर कुठे असतात?"
मी म्हटलं, मस्कतला.
कुठून आलं तोंडात, देव जाणे. बार्शीला आमच्या गल्लीत कुणी मस्कत बघितलेलं नाही. आमच्याकडे मस्कत म्हणजे दुसरं जग, तिथे गेलेल्या माणसाचा कोण पत्ता लावणार, असं काहीतरी वाटलं असणार. खोटं बोलावं पण रेटून बोलावं, म्हणून वर कंपनीत सुपरवायझर आहेत, हेही ठोकून दिलं.
मावशींचा चेहरा उजळला. "मस्कतला? अगं, माझा नेल्सन तिथेच आहे."

१६ सप्टें.
इथे घरटी एक माणूस आखातात. मस्कत म्हणजे यांना पलीकडचं स्टेशन. शेजारच्या बाईने मला तिथल्या बाजाराचं नाव घेऊन विचारलं, तुमचे मिस्टर त्याच्या जवळ राहतात का? हो म्हटलं. आता ते त्याच्या जवळ राहतात.

१८ सप्टें.
सामान आणलं. दोन पिशव्या, एक बादली. डिपॉझिटसाठी मंगळसूत्र मोडलं आणि स्टेशनबाहेरून इमिटेशनचं घेतलं. खरं मोडून डिपॉझिट, खोटं घालून खोली. हसू आलं, मग रडू. आता ही खोली गेली तर दुसरीसाठी मोडायला काही उरलेलं नाही. डिपॉझिट परत मिळेलही, पण पुन्हा तेच, मिस्टर कुठे.

ओवी विहिरीत डोकावून स्वतःला हाक मारत होती. किती दिवसांनी मोठ्याने ओरडली.

२८ सप्टें., रवि.
मावशींनी व्हिडिओ कॉलवर नेल्सन दाखवला. दाढी, चष्मा, सभ्य. "भाभी, कंपनी कुठली? शुक्रवारी सुट्टी असते, भेटून येतो." मी एक नाव सांगितलं, एका औषधाच्या खोक्यावरचं. तो म्हणाला, बघतो. मग आईला म्हणाला, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची असते, त्यांच्या मिस्टरांच्या पासपोर्टची झेरॉक्स घेऊन ठेव. मावशी म्हणाल्या, देईल रे ती, काय घाई आहे.
घाई नाही. पण झेरॉक्स कशाची देऊ? ओवीने माझे हात आपल्या हातात धरले.

१ ऑक्टो.
ऑक्टोबर यांचा रोझरीचा महिना. मरियामातेची मूर्ती आळीत रोज एका घरी जाते, संध्याकाळी बायका तिथे जमून जपमाळ म्हणतात. मावशींनी मलाही नेलं, "बसायला काय, देव सगळ्यांचा." बसले. बरं वाटत होतं. शेवटी विनंत्या. कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या मुलीचं लग्न. आणि मावशी म्हणाल्या, "मनीषाचा नवरा जयंत परदेशी आहे, तो लवकर सुखरूप घरी यावा म्हणून."
वीस-पंचवीस बायका एका सुरात, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक."
मी मनात म्हणत होते, ऐकू नकोस.

४ ऑक्टो.
रोज तेच. रोज वेगळ्या घरी, रोज जयंत. आता आळीतल्या पोरी मला रस्त्यात विचारतात, दिवाळीला येणार का भाऊजी? चोराच्या मनात चांदणं, मला प्रत्येक प्रश्नात पोलीस दिसतो.

७ ऑक्टो.
लताचा फोन, बार्शीहून. धाकटी बहीण, एरवी हसत बोलते. आज कुजबुजत. ज. ओवीच्या जुन्या शाळेत गेला होता. दाखल्यासाठी नव्या शाळेचं नाव मीच अर्जात लिहिलेलं. बाप म्हणून विचारलं, त्यांनी सांगितलं. सांगणारच.
म्हणजे इकडे सगळी आळी त्याला बोलावतेय आणि तिकडून तो निघालाय. कुणाला सांगू हे? सुवर्णाला फोन केला. ती म्हणाली, खोली बदल. जणू चप्पल.

९ ऑक्टो.
ओवीच्या बाईंना सांगून आले, माझ्याशिवाय कुणाकडे सोडू नका. बाई म्हणाल्या, वडील आले तर? म्हटलं, तरी नाही. त्यांनी मान हलवली, पण लेखी काही आहे का, असंही विचारलं. नाही. तक्रार करायच्या आधीच पळाले.

मूर्ती रविवारी आपल्या घरी येणार. मावशी म्हणाल्या, जयंतचा फोटो दे, मातेच्या पायाशी ठेवू. मी म्हटलं, मोबाईल बदलला, फोटो गेले सगळे. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

१२ ऑक्टो., रवि.
लिहिते कसंबसं.
ओट्यावर सगळ्या जमल्या. मूर्तीला झेंडूचा हार. ओवी पहिल्या रांगेत मांडी घालून, नवा फ्रॉक मावशींनी दिलेला. विनंत्या सुरू झाल्या. "आमच्या नेल्सनसाठी. आणि ओवीचे बाबा जयंत लवकर घरी यावेत म्हणून."
"हे प्रभो, आमची प्रार्थना—"
आणि त्यात ओवी, स्पष्ट, "नको. बाबा नको यायला."
कुणीतरी खोकलं. मावशींनी पुढची विनंती घेतली, कुणाच्या तरी गुडघ्यांसाठी. नंतर उकडलेले चणे वाटले, मलाही दिले. बायका आपसात त्यांच्या बोलीत बोलत होत्या. मला ती अर्धीच कळते. आज तेवढंही नको होतं.

१३ ऑक्टो.
मावशी दिसल्या नाहीत. रोज सकाळी केळफूल नाहीतर निदान हाक तरी असते.

१५ ऑक्टो.
संध्याकाळी दारात उभ्या. आत आल्या नाहीत. "नेल्सनचा फोन होता. त्या नावाची कंपनीच नाही तिथे." मी मान खाली घातली.
त्यांनी विचारलं, "मारायचा?"
हो म्हटलं.
"पोरीलाही?"
एकदा. म्हणून तर निघाले.
त्यांनी दाराची चौकट धरली. म्हणाल्या, "आणि आम्ही रोज त्याला बोलावत होतो." मग विहिरीचा पंप चालू राहिलाय म्हणून गेल्या. ना राहा म्हणाल्या, ना जा.

१६ ऑक्टो.
रोझरीला गेले नाही. कुठल्या तोंडाने? शेजारची सांगून गेली, आज जयंतचं नाव नव्हतं. मावशींनी घेतलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

१८ ऑक्टो., शनि.
मेडिकलमधून आले. मावशी ओट्यावर बसून होत्या, ओवी त्यांच्याच घरात, दार लावलेलं.
"दुपारी एक माणूस आला होता," म्हणाल्या. "गेटपाशी उभा. मनीषा इथे राहते का? मी विचारलं, तू कोण? म्हणाला, तिचा नवरा, जयंत. मी म्हटलं, तो तू कसा असशील? जयंत मस्कतला आहे. आळीत कुणालाही विचार, पंधरा दिवस आम्ही त्याच्यासाठी जपमाळ म्हणतोय."
"मग?"
"विचारलं त्याने. समोरच्या घरी विचारलं, कोपऱ्यावर विचारलं. सगळ्या मस्कतच म्हणाल्या."
मी पायरीवरच बसले. गेला का, विचारलं. "गेला. पण स्टेशनकडे नाही गेला, बाय. आत गावाकडे गेला."

मग म्हणाल्या, नेल्सनला सांगितलंय सगळं. तो म्हणतो, आई, तू एकटी असतेस, असली भानगड घरात नको, खोली रिकामी करून घे. "घर त्याच्या नावावर आहे. माझ्या एकटीच्या शब्दाने होणार नाही. उद्या चर्चमधली मिस्सा झाल्यावर त्याचा फोन येईल. तू बोल त्याच्याशी. खरं बोल."
त्याच्या जागी तोही बरोबर आहे. माझी आई अशी एकटी असती तर मीही हेच म्हटलं असतं. काय बोलू त्याच्याशी? घाबरलेल्या बाईला खोली द्या, असं कुणी कुणाला म्हणतं का?

उठता उठता मावशींनी गेटला कुलूप घातलं. या घराच्या गेटला कुलूप असतं हे मला माहीतच नव्हतं. दोन किल्ल्या होत्या, एक माझ्या हातात दिली.
"उद्यापर्यंत ठेव," म्हणाल्या.