वीस मिनिटं जास्त

२ मार्च, रविवार

दानेश्वरीच्या गोष्टीला पहिलं बक्षीस! वाचनालयाच्या स्पर्धेत एकशेचाळीस गोष्टी आल्या होत्या. एकशेचाळीस! त्यात पहिली कुणाची? नळाला पाणी सोडणाऱ्या गुरुलिंगच्या पोरीची. आमच्या घराण्यात आजवर लिहिणं म्हणजे सही करणं, तेवढंच. आणि ही बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला!

नीलम्माला सांगितलं तर म्हणते, ‘आधी पाय पुसून आत या.’ पण पदरानं डोळे पुसत होती. मी बघितलं की.

२३ तारखेला कार्यक्रम. पोरगी स्वतः वाचून दाखवणार.

४ मार्च

आज आमच्या भागाची पाळी. चार दिवसांआड येती. पहाटे साडेचारला आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह सोडला. माझी चावी छातीएवढी उंच, लोखंडी. दसऱ्याला तिला कुंकू लावतो, लाल दोरा बांधतो. खिशात शेंगा, तोंडात फेऱ्यांचा हिशेब — ओंदु, एरडु, मूरु. कानडीतच मोजतो. मराठीत मोजलं की चुकतं.

दीड तास सोडायचं असतं. आमच्या गल्लीला मी वीस मिनिटं जास्त देतो. अकरा वर्षं झाली, आमच्यात कुणाचं पिंप रिकामं राहिलं न्हाय. समोरची ईरम्मा म्हणते, ‘गुरुलिंगण्णा हाय म्हणून आमी हाय.’ ऐकून बरं वाटतं, खोटं कशाला सांगू? आपल्या माणसांसाठी येवढं पण केलं न्हाय तर ही नोकरी कशाला?

मग टेकावरच्या गल्लीचा व्हॉल्व्ह. तिथली केराबाई चढ उतरून आली होती. ‘लेका, आमच्यात येतच न्हाय रे.’ मी म्हणालो, चढ हाय मावशी, पाण्याला दम लागतो. खरंच चढ हाय.

७ मार्च

दानेश्वरीला विचारलं, गोष्ट कशाची हाय? म्हणाली, डिस्टोपिया. मी म्हणालो, ही कुठली साथ? लई हसली.

मग नीट सांगितलं. पुढं वाईट दिवस येतील, ते कसे असतील त्याची गोष्ट. हिची २०९० सालातली. मी म्हणालो, पुढचं कुणी बघितलंय? आजचंच लिहायचं की सरळ! तर म्हणाली, ‘अप्पा, सरळ लिहिलं की लोक म्हणतात, हे तर असंच असतं. थोडं मोठं करून पुढच्या सालात नेऊन ठेवलं की मग दचकतात.’

काय डोकं हाय पोरीचं! ऑफिसात तिघांना ऐकवलं. दोघांना कळलं न्हाय. मला कळलं.

वाचायला मागितली तर, ‘नको, नंतर.’ लाजत असंल.

११ मार्च

पांढरा शर्ट शिवायला टाकला.

१९ मार्च

रंगपंचमी, आणि आजच पाळी! ईरम्मा पहाटेच चेंबरपाशी हजर. ‘अण्णा, आज पोरांचे ड्रम भरायचेत.’ दिला अर्धा तास जास्त. सगळी गल्ली रंगली. मला धरून निळा केला. ‘गुरुलिंगण्णा की जय’ म्हणत होते.

२३ ला यायचं आमंत्रण तिथंच सगळ्यांना देऊन टाकलं.

२१ मार्च

दानेश्वरी म्हणाली, ‘अप्पा, तुम्ही कार्यक्रमाला येऊ नका.’

का विचारलं, तर वही घेऊन आत गेली.

मला कळलं. बापाच्या खाकीची लाज वाटते. बरोबर हाय, तिथं प्राध्यापक येणार, डॉक्टर येणार. पण मी काय खाकीत येणार हाय? शर्ट शिवलाय नव्हं! जेवलो न्हाय. नीलम्मा म्हणाली, ‘पोरीनं येऊ नका म्हटलं तर नका जाऊ.’ जाणार! बाप हाय मी!

२३ मार्च, रविवार

गेलो. एकटा न्हाय, गल्लीतले बाराजण घेऊन. दोन रिक्षा. पुढच्या दोन रांगा आमच्याच. पोरीनं स्टेजवरून मला बघितलं आणि पाणी प्यायली.

मग वाचली.

२०९० साल. शहराचं सगळं पाणी एका माणसाच्या हातात, त्याला चावीवाला म्हणतात. त्याला नमस्कार केला की पाणी. त्याच्या गल्लीत लोक अंगणं धुतात, रंग खेळतात. वरच्या गल्लीत एक म्हातारी नळाला कान लावून बसते, नळात नुसती हवा वाजते. खालच्या लोकांना ते माहीत हाय. पण आपलं पिंप भरलंय, मग बोलायचं कशाला? आणि चावीवाला वाईट माणूस न्हाय. त्याला वाटतं, मी माझ्या माणसांची काळजी घेतो.

चावीला लाल दोरा. खिशात शेंगा. तेव्हाही मला कळलं न्हाय! मी आपला मान डोलवत होतो. मग ती वाचायला लागली, चावीवाला फेरे मोजतो — ओंदु, एरडु, मूरु…

बाराच्या बारा माना माझ्याकडं वळल्या.

गोष्ट संपली. पहिली टाळी मी वाजवली. का वाजवली ते सांगता येत न्हाय. गोष्ट चांगली होती. लई चांगली होती, तेच तर! मग सगळे उठून उभे राहिले. ईरम्मा सगळ्यात जोरात. ‘काय गं लिहिलंय पोरी, खरं हाय, जगात न्याय राहिला न्हाय!’

घरी आल्यावर मात्र माझी सटकली. ज्या पाण्यानं न्हाऊ घातलं त्याच पाण्यात बापाला बुडवतेस? दानेश्वरी रडली. म्हणाली, वाचनालयाच्या अंकात छापायची हाय, अजून वेळ हाय, चावीवाला काढून तिथं मशीन घालते. नीलम्मा ‘साकु, साकु’ म्हणत मधे उभी राहिली. दोघांनाही पुरे म्हणाली.

२४ मार्च

पाळी. रागानं आमच्या गल्लीला तासभर जास्त सोडावं असं वाटलं. नेहमीची वीस मिनिटं दिली. मग टेकाचा व्हॉल्व्ह सोडला आणि काय मनात आलं, चढ चढून वर गेलो. अकरा वर्षांत पाणी सोडल्यावर वर कधी गेलो नव्हतो. कशाला जायचं? चावी खाली असते.

वर दाब चढायलाच अर्धा तास लागतो. त्यांच्या दीड तासातली वीस मिनिटं आम्ही खाल्लेली. राहिलं काय?

केराबाई नळापाशी बसली होती. कान लावून. तश्शीच! पोरगी कधी आली असंल इथं? मला बघून म्हातारी उठली, मलाच धीर द्यायला लागली. ‘येतंय येतंय. वाजतंय की.’

दोन कळश्या भरल्या. त्यातनं एक तांब्या मला प्यायला दिला.

मी प्यालो. न्हाय म्हणता आलं न्हाय.

२५ मार्च

दानेश्वरीला म्हणालो, मशीन घालू नको. माणूसच असू दे. मशीनला लाज कुठून येणार?

ती म्हणाली, ‘लोक तुम्हाला ओळखतील अप्पा.’

ओळखू देत की. कुणाचा बाप हाय ते पण ओळखतील.

मग विचारलं, येऊ नका म्हणालीस ते खाकीमुळं न्हाय ना? ती बघतच राहिली. ‘खाकी? अप्पा, तुमच्या खाकीच्या खिशातल्या शेंगा खाऊन मोठी झाले मी.’ मग दोघंही रडलो. नीलम्मा म्हणाली, बापलेकींनी आता चहा प्या.

२९ मार्च

उद्या पाडवा. आज पाळी. बरोबर दीड तासानं आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह बंद. ओंदु, एरडु, मूरु — हात जड झाला होता, पण मोजणी चुकली न्हाय.

ईरम्मा धावत आली. ‘अण्णा, सणाचं पाणी!’ म्हणालो, सण टेकावर पण हाय अक्का. तोंड वाकडं करून गेली. आमचं स्वतःचं पिंप अर्धं. नीलम्मानं अर्ध्या पिंपावर झाकण ठेवलं.

वर गेलो. केराबाईच्या नळाला धार. कळशी भरून सांडली तरी म्हातारी नळ बंद करीना, नुसती बघत उभी. शेवटी मीच बंद केला.

२ एप्रिल

साहेबांनी बोलावलं. माझ्याविरुद्ध अर्ज. आमच्याच गल्लीचा, एकवीस सह्या, पहिली ईरम्माची. रंग लावणारे, टाळ्या वाजवणारे, सगळे हायत. साहेब म्हणाले, ‘गुरुलिंग, अकरा वर्षांत तुझ्याविरुद्ध ही पहिली तक्रार.’

म्हणालो, साहेब, एक झेरॉक्स द्या. पोरीच्या बक्षिसाशेजारी लावायची हाय.