पाणी गप्प करणारे गृहस्थ

९ ऑक्टोबर १९०७, बुधवार

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल. सर्व म्हणजे मी, आमचे डॉक्टरसाहेब आणि एकशे त्र्याऐंशी वेडे. पावसाळ्याआधी ते दोनशे चौदा होते. वजाबाकी करत बसू नकोस, मीच सांगतो.

तुझी तिन्ही पत्रं पोचली. तिन्हींत एकच प्रश्न होता आणि मी तीनदा हवापाणी कळवलं. आजही जरा आडवळणानंच येतो, सांभाळून घे.

जूनपासून वेड्यांच्या इस्पितळात हगवणीची साथ होती. कंपाउंडर म्हणून मी औषधाच्या बाटल्या भरून भरून थकलो, पण एकतीस माणसं गेली. साहेबांनी वरच्या कचेरीला कळवलं, 'मृत्यूचं कारण: वेड'. आता वेडानं माणूस झाडावर चढेल, मला 'आई' म्हणून हाक मारील (एक मारतो), पण एकतीस जण ओळीनं मरतील कसे? मी साहेबांना विचारलं नाही. मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

गंमत अशी, की सात नंबरच्या वॉर्डात चाळीस माणसं आणि एकही दगावला नाही. उलट दोघांची पोटं सुटली. मी बघायला गेलो. न्हाणीघरात एक गृहस्थ चुलीवरच्या हंड्यासमोर पळी घेऊन उभे, आणि अख्खा वॉर्ड पेले घेऊन रांगेत. कोणी मध्ये घुसला की पळी डोक्यात.

"अजून बडबडतंय," ते म्हणाले. "विहिरीचं पाणी फार आगाऊ. पोटात गेलं की आतून शिव्या देतं. त्याला इथंच उकळून मनसोक्त बोलू द्यायचं. गप्प झालं की प्यायचं."

पहारेकरी मला म्हणाला, "करू द्या हो. कामात असले की शांत असतात."

दुसऱ्या दिवसापासून मी सगळ्या वॉर्डांत पाणी उकळायला लावलं. साहेबांना सांगितलं, पुस्तकात वाचलं. पंधरा दिवसांत साथ आटोक्यात! मग मोठे तपासनीस आले. "ही कल्पना कोणाची?" साहेबांनी मला पुढे ढकललं. मी छाती काढून उभा.

तेवढ्यात ते गृहस्थ पळीसकट पुढे आले. "यांचीच, साहेब. पहिल्यापासून हुशार. माझा मेव्हणा आहे."

ताई, ते भावोजीच. तू केव्हाच ओळखलं असशील. आळीभरचे हंडे रस्त्यावर ओतले म्हणूनच तर त्यांना इथे आणलं होतं.

साहेब तपासनिसांना म्हणाले, "इथे प्रत्येकाचं कोणी ना कोणी मोठं असतं. तो पलीकडचा तर राजाचा सासरा आहे." सगळे हसले. मीही हसलो.

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. "चुकलं माझं," ते हळूच म्हणाले. "चेहरा सारखा वाटला." आणि हंड्याकडे परत गेले.

आता खरं ते सांगतो. त्यांना दाखल करताना मी कागदावर 'शेजारी' म्हणून सही केली होती. 'ते कोणाला ओळखत नाहीत, येऊ नकोस,' असं दोन वर्षं तुला लिहिलं, ते धादांत खोटं. ओळख मीच देत नव्हतो. भेटीच्या दिवशी ते धुतलेला सदरा घालून फाटकाशी बसतात.

काल साहेबांच्या खोलीत गेलो. म्हटलं, "साहेब, मी खरंच त्यांचा मेव्हणा."

साहेबांनी माझी नाडी धरली. "किती दिवसांपासून असं वाटतंय?"

पटवायला अर्धा तास लागला. कल्पना कोणाची तेही सांगितलं. त्याच झपाट्यात, ती एकतीस माणसं हगवणीनं गेली हेही बोलून गेलो. साहेब लालबुंद झाले. मग उठून खिडकीतून विहिरीकडे बघत उभे राहिले. शेवटी म्हणाले, "तो मृत्यूंचा अहवाल परत मागवा, दुरुस्त करू. आणि त्यांच्या बायकोला बोलवा. तिची सही झाली की त्यांना घरी न्या."

ते पूर्ण बरे झालेत असं म्हणणार नाही. पण तू ये. आधी त्यांना भेट, मला काय बोलायचं ते नंतर बोल. मी कान उघडे ठेवीन.

आज सकाळी त्यांना तू येणार म्हणून सांगायला गेलो, सगळ्या वॉर्डादेखत. ते म्हणाले, "आपण कोण?"

"मेव्हणा."

थोडा वेळ त्यांनी मला न्याहाळलं आणि बाकावर सरकून जागा केली.

तुझा भाऊ, आणि आजपासून चारचौघांत,
त्यांचा मेव्हणा